मी पेगन... आणि माझी आजीसुद्धा!

थोडं टॅरो, थोडी पौर्णिमा, थोडे साईबाबा. स्वतःचा धर्म स्वतःच असेम्बल करणारी मंडळी आता आपल्याच ऑफिसात, आपल्याच कॉफी मशीनपाशी भेटू लागली आहेत. ही मिसळ नेमकी कुठली? वाकडच्या एका खिडकीपासून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका विहिरीपर्यंत जाऊन केलेली ही चौकशी.

वाकडमधल्या तिच्या फ्लॅटच्या हॉलला दोन खिडक्या आहेत. एक उघडते. दुसरी उघडत नाही, कारण तिच्या कट्ट्यावर देव मांडलेला असतो. देव म्हणजे काय काय, तर गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर उचललेला एक शिंपला, मोराचं पीस, जांभळा अ‍ॅमेथिस्ट, तीन मेणबत्त्या, काचेच्या वाडग्यात पाणी, रेशमी रुमालात गुंडाळलेला टॅरो कार्डांचा जोड आणि वास्तुशांतीला आईनं हातात ठेवलेला खंडोबाचा चांदीचा टाक. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आवराआवर राहिलीय.

घरकामाला येणाऱ्या मावशींना मात्र काहीच प्रश्न पडला नव्हता. केर-फरशी झाली की त्या खिडकीपाशी येतात आणि टाकाला, शिंपल्याला, अ‍ॅमेथिस्टला, सगळ्यांना सारखंच हळदकुंकू वाहतात. एकदा मेणबत्तीलाही वाहिलं होतं म्हणे.

"मी एक्लेक्टिक पेगन आहे," मैत्रिणीनं कॉफीचा मग हातात देता देता सांगितलं. इतक्या सहज, की कुणी "मला दूध चालत नाही" म्हणावं. (तिला दूधही चालत नाही. ती व्हेगन आहे. ही माहिती पुढे महत्त्वाची ठरणार आहे, लक्षात ठेवा.)

तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल. मंगळवारी सिद्धिविनायक, गुरुवारी साईबाबा, पौर्णिमेला गच्चीवर चांदण्यात क्रिस्टल्स 'चार्ज' करणं आणि मर्क्युरी रेट्रोग्रेड असेल तर नवा लॅपटॉप न घेणं. आपण हसतो, आणि मग हळूच तिला आपलंही एक कार्ड काढायला सांगतो.

पण माझ्या मैत्रिणीचं प्रकरण टाइमपास नव्हतं. २०२१च्या एप्रिलमध्ये तिचे काका कोविडनं गेले. हॉस्पिटलातून थेट स्मशानात. दहावा ना तेरावा, गावाला कुणी जाऊही शकलं नाही. ती पुण्यात एकटी अडकलेली. त्या तेरा संध्याकाळी तिनं वाडग्यात पाणी भरून शेजारी एक मेणबत्ती लावली आणि काकांशी बोलत बसली. कुठल्या पुस्तकात वाचून नाही, सुचलं म्हणून. त्यानंतर तिला झोप लागायला लागली. पुस्तकं नंतर आली.

गावंढळांचा धर्म

पुस्तकांत तिला कळलं की पेगन हा शब्द लॅटिनमधल्या 'पेगानस'वरून आलाय. अर्थ काय? खेड्यातला माणूस! रोमन साम्राज्यातली शहरं ख्रिस्ती होत गेली तेव्हा जुन्या देवांना धरून बसलेल्यांना हे नाव चिकटलं. थोडक्यात, गावंढळ. ही शिवी विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये काही जणांनी कौतुकानं अंगावर घेतली. मलायात कस्टममध्ये नोकरी करून रिटायर झालेले जेराल्ड गार्डनर त्यात आघाडीवर. जादूटोण्याविरुद्धचा जुना ब्रिटिश कायदा १९५१मध्ये रद्द झाला आणि १९५४मध्ये गार्डनरसाहेबांचं 'विचक्राफ्ट टुडे' आलं. पुढे १९८८मध्ये स्कॉट कनिंगहॅम या अमेरिकन लेखकानं, गटबिट काही नको, एकट्यानं घरी बसूनही हे सगळं करता येतं, असं सांगणारं पुस्तक लिहिलं. आणि मग काय, ज्याला जे भावेल ते त्यानं उचलावं. ग्रीक देवी, केल्टिक सण, तिबेटी घंटा. यालाच म्हणायचं एक्लेक्टिक.

यातला एक शब्द मात्र तिनं वापरून सोडून दिला. आधी ती स्वतःला गमतीनं 'विच' म्हणायची. बायोमध्येही लिहिलं होतं. मग ऑफिसातल्या नंदुरबारच्या एका सहकाऱ्यानं तिला शांतपणे विचारलं, "तुला माहितीये, आमच्याकडे डाकीण म्हटलं की त्या बाईचं काय होतं?" सातपुड्यातल्या पाड्यांवर हा शिक्का बसलेल्या बायकांना मारहाण झालीय, गावाबाहेर काढलं गेलंय. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुणावर करणी-जादूटोण्याचा आळ घेऊन छळणं हाही गुन्हा ठरला. वाकडमध्ये जे कूल आहे ते धडगावात जिवावर बेततं. तिनं त्याच रात्री बायो बदलला.

सणांचीही एक गंमतच. पेगन मंडळींचं वर्षाचं चाक असतं, आठ सणांचं. सर्वात मोठा दिवस, सर्वात मोठी रात्र, दिवस-रात्र समान असण्याचे दोन दिवस आणि मधले चार. चाक तयार झालं ब्रिटनच्या हवेत. तिथे १ मे म्हणजे बेल्टेन, वसंताचा जल्लोष, शेकोट्या वगैरे. पुण्यात १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन आणि चाळीस डिग्री. बिचारी मेणबत्ती विझू नये म्हणून पंखा बंद करून घामाघूम बसायची. मी तिला म्हटलं, अगं, देवाला तरी काय वाटत असेल?

तर, हे असं छान चाललेलं असताना गेल्या वर्षी नोव्हेंबरात तिच्या वडिलांचा फोन आला. त्यांचं गाव अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला. रस्त्यालगतची वीस गुंठे जागा विकायची ठरत होती. घेणाऱ्याला रिसॉर्ट काढायचंय. जागेत एक जुनी विहीर आहे आणि विहिरीवर साती आसरा. "त्या हलवाव्या लागतील," वडील म्हणाले. "आजी ऐकत नाही. तू बोल तिच्याशी. तुला कळतं ना देवाधर्मातलं."

तुला कळतं ना! ऑनलाइन मागवलेल्या अ‍ॅमेथिस्टकडे बघत तिनं मला फोन केला. येतेस का?

चंदनाची काडी

सरळ संगमनेरमार्गे अकोल्याला गेलो असतो तर काम अर्ध्या दिवसाचं होतं. पण तिला आजीसमोर जाण्याआधी थोडा वेळ हवा होता, आणि मला स्टोरी. म्हणून आम्ही लांबून, जिल्ह्याला वळसा घालून जायचं ठरवलं. एकाहून एक वेगळे देव आणि बाबा एकाच जिल्ह्यात पाहायचे असतील तर नगरसारखी जागा नाही. (अधिकृत नाव २०२४पासून अहिल्यानगर. एसटीत कंडक्टरला मात्र आम्ही दोघींनीही 'दोन नगर' असंच सांगितलं आणि त्यानंही तिकीट दिलं.)

डिसेंबरातला शुक्रवार होता, बारा तारीख. हे मुद्दाम जुळवलं होतं. नगरपासून दौंड रस्त्यावर अरणगावजवळ मेहेराबाद आहे, मेहेरबाबांची समाधी. पुण्यात १८९४मध्ये इराणी जरथुश्ती घरात जन्मलेल्या या माणसानं १० जुलै १९२५ला मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत. 'डोन्ट वरी, बी हॅपी' हे वाक्य त्यांचं, गाणं नंतरचं. 'द हू' या रॉक बँडच्या १९७१च्या 'बाबा ओ'रायली'मधले बाबाही हेच. टेकडीवरच्या समाधीच्या छपराच्या चार कोपऱ्यांवर चार धर्मांची चिन्हं आहेत. ते पाहून मैत्रीण एकदम खूश. "बघ, हेच तर मी म्हणते!"

दर महिन्याच्या बारा तारखेला संध्याकाळी इथे धुनी पेटते. १९२५मध्ये पावसानं ओढ दिली तेव्हा अरणगावचे शेतकरी बाबांकडे आले, बाबांनी धुनी पेटवायला लावली आणि पाऊस आला, अशी तिची कथा सांगतात. आता लोक रांगेनं येतात. तुपात बुडवलेली चंदनाची छोटी काडी हातात घ्यायची, जे सोडायचंय ते मनात म्हणायचं आणि काडी आगीत टाकायची. बस्स. प्रवचन नाही, पावती नाही. आमच्या पुढे एक गोरे आजोबा होते, मागे शाळेच्या युनिफॉर्ममधली दोन पोरं. त्या पोरांना काय सोडायचं होतं देव जाणे.

मी काडी टाकली. काय सोडलं ते सांगणार नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी चहाबरोबर ते परत सुरू झालं. मैत्रीण मात्र बराच वेळ काडी धरून उभी राहिली, इतकी की मागच्या पोरानं "ताई, टाका ना" म्हटलं.

शनिवारी सकाळी मढीला. पाथर्डी तालुक्यातलं हे गाव म्हणजे भटक्यांची पंढरी. गडावर कानिफनाथांची समाधी, नवनाथांपैकी एक. होळीपासून इथे यात्रा भरते, रंगपंचमीला तिचा मोठा दिवस आणि तिथला गाढवांचा बाजार राज्यभर प्रसिद्ध. वैदू, गोपाळ, कैकाडी आणि कितीतरी भटक्या जमाती इथे यायच्या, जनावरं विकायच्या, सोयरिकी जमवायच्या आणि जातपंचायती भरवायच्या. (पंचायतींचे निवाडे वाचले तर भक्तिभाव जरा ओसरतो. बाईला शिक्षा करण्यात तिथली कल्पकता भयंकर होती.) याच नाथांना कुणी कान्होबा म्हटलं, तर कुणी शाह रमजान माही सवार. एकच समाधी, दोन-दोन नावं, आणि दोन्ही नावांचे भक्त एकाच पायऱ्या चढून येणारे.

डिसेंबरात गडावर शांतता होती. पण आम्हा दोघींच्याही डोक्यात २०२५च्या फेब्रुवारीतली बातमी होती. मढीच्या ग्रामसभेनं यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू न देण्याचा ठराव केला होता आणि त्यावरून राज्यभर वाद पेटला होता. पायरीवर बसून मैत्रीण म्हणाली, "मी एकेक गोष्ट शोधून मिक्स करतेय, आणि जिथे आधीपासून मिक्स होतं तिथे लोक चाळण घेऊन बसलेत."

मला यात एक फरक दिसतो. मढीची मिसळ कुणी निवडलेली नव्हती. कुणी ठरवून 'आज मी थोडं सुफी घेते' असं म्हटलं नव्हतं. गाढवं विकायला आलेला, बांगड्या विकायला आलेला, नवस फेडायला आलेला, सगळ्यांचा एकमेकांवाचून बाजार भरत नव्हता. दुकान उठवलं की त्याबरोबर देवाचं एक नावही उठतं.

ज्ञानेश्वरांनी आपल्याला ओळखलं होतं

शनिशिंगणापूरला फार थांबलो नाही. शनिवार होता, गर्दी मरणाची. पण पेगन म्हणून दाखवायचं तर याहून चांगलं उदाहरण नाही. मूर्ती नाही, डोक्यावर छप्पर नाही, उन्हापावसात उभी एक काळी शिळा आणि तिच्यावर तेल. शहरातले आपण 'नेचर वर्शिप' म्हणतो तेव्हा यात पार्किंगचा पोरगा आणि तेलाची बाटली धरत नाही, एवढंच. याच चौथऱ्यावर बायकांना जाता येत नव्हतं. २०१५च्या नोव्हेंबरात एक मुलगी चढली तर चौथरा 'शुद्ध' केला गेला. आंदोलन झालं, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि ८ एप्रिल २०१६ला, गुढीपाडव्याला, चौथरा बायकांना खुला झाला. जुनं ते सगळं सोनं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

मग नेवासा. उसाच्या ट्रॅक्टरांमागे रांगत रांगत पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. प्रवरेकाठचं हे गाव. इथल्या ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवर निरूपण केलं असं मानतात, तो पैस खांब मंदिरात आहे. साल शके १२१२, म्हणजे १२९०.

मास कॉमच्या कोर्सला ज्ञानेश्वरी नव्हती, पण घरी आजोबांमुळे थोडी वाचली गेली. तेराव्या अध्यायात अज्ञानाची लक्षणं सांगताना ज्ञानेश्वर एका माणसाचं वर्णन करतात. हा घरात एका देवाची मूर्ती मांडतो आणि तिला कोपऱ्यात ठेवून दुसऱ्याच देवाच्या यात्रेला जातो. एकादशीला विष्णूचा जेवढा मान, तेवढाच पंचमीला नागाचा. चतुर्थी आली की हा गणपतीचा. नवरात्रात देवीचा, रविवारी भैरवाला पान वाढणार, सोमवारी बेल घेऊन शंकराकडे धावणार. क्षणभर उसंत नाही बिचाऱ्याला. ज्ञानेश्वर त्याची जी तुलना करतात ती इतकी बोचरी आहे की इथे लिहीत नाही.

मी हे सगळं मैत्रिणीला खांबासमोरच सांगितलं. थोडी दुष्टपणानं, कबूल आहे. ती गप्प झाली. मग एकदम हसली.

"म्हणजे १२९०मध्ये नेवाशात सगळे एक्लेक्टिकच होते की!"

पॉइंट होता. एखाद्या सवयीवर इतका बारीक चिमटा काढावा लागतो, म्हणजे ती सवय आजूबाजूला भरपूर असणार. आणि ज्ञानेश्वरांच्या घरातला वारसा होता नाथांचा, गहिनीनाथ ते निवृत्तीनाथ. म्हणजे तेही कुठून कुठून आलेलं एकत्र बांधतच होते. पण त्यांची तक्रार देव अनेक असण्यापेक्षा वेगळी वाटते मला. हा माणूस कुणापाशीच थांबत नाही, ही ती तक्रार. परत जाताना मैत्रीण खिडकीबाहेर बघत होती. श्रीरामपूर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

विहिरीवरच्या साती

आजीचं वय ऐंशीच्या पुढे. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, कान तिखट. पोचल्या पोचल्या तिनं आमच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. प्रवासात काय काय लागलं असेल, म्हणून. वाकडला यालाच 'एनर्जी क्लीनजिंग' म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात.

रविवारी सकाळी धुकं होतं. समोर लांब कळसूबाईचं शिखर, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच. आजीनं चुलीपाशी बसून कळसूची गोष्ट सांगितली. कळसू कोळ्याची पोर. पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण अट घालून. झाडलोट करणार नाही, भांडी घासणार नाही, बाकी सांगाल ते काम. एक दिवस पाहुणे जास्त आले आणि तिला भांडी घासायला लावली. तिनं घासली, आणि तडक डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. वर तिचं देऊळ आहे, नवरात्रात जत्रा भरते.

जॉब प्रोफाइलमध्ये नसलेलं काम दिलं म्हणून राजीनामा टाकून निघून गेलेली देवी! अ‍ॅप्रेझलच्या दिवसांत हिचा फोटो डेस्कवर लावायला हरकत नाही.

मग विहीर. उंबराखाली सात दगड ओळीनं, शेंदरानं माखलेले, आणि थोडा बाजूला एक मोठा. साती आसरा आणि त्यांचा भाऊ म्हसोबा. आसरा म्हणजे अप्सरा, पाण्यातल्या सात बहिणी. महाराष्ट्रात विहिरीवर, डोहावर, नदीकाठी त्या जागोजाग भेटतात. असल्या दगडांना 'अडाण्यांचं खूळ' म्हणून सोडून न देता गंभीरपणे बघायला आपल्याला ज्यांनी शिकवलं त्यात दामोदर धर्मानंद कोसंबी होते. पेशानं गणितज्ञ. पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईच्या टीआयएफआरला जायचे (अप-डाऊन करणाऱ्यांनो, तुमचेच पूर्वज) आणि एरवी पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर शेंदूर लावलेले दगड शोधत हिंडायचे. अशा देवी जुन्या पायवाटा जिथे मिळतात तिथे आहेत, गावं वसण्याआधीच्या वाटांवर, असं त्यांनी १९६२च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'मध्ये मांडलं. देवराईंचंही तसंच. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया अभ्यासल्या तेव्हा दिसलं की, देवाच्या भीतीनं जिथली वाळकी काटकीही कुणी नेत नाही, तिथे आजूबाजूला नाहीशी झालेली झाडं टिकून आहेत.

"आजी, मी ह्यांना पुण्याला घेऊन जाते," मैत्रीण म्हणाली. मला वाटतं हे ती वाकडपासून ठरवूनच आली होती. "माझ्या खिडकीत ठेवीन. रोज पूजा करीन."

आजीनं तिच्याकडे बघितलं. "तिथं हीर हाय का?"

"विहीर नाही. पण सोसायटीत पाणी येतं ना. म्हणजे... टँकर येतो."

"मग काय टँकरमागं फिरायच्या का त्या?"

वडील हसले, मी हसले, मैत्रीण हसली नाही. आजी सावकाश बसली आणि एकेक सांगायला लागली. चैत्री पौर्णिमेला आणि आषाढातल्या अमावास्येला यायचं. रस्त्यापासून अनवाणी यायचं. दहीभात, हिरव्या बांगड्या, खण. बोलायचं नाही. मागं वळून बघायचं नाही. अडचणीच्या दिवसांत यायचं नाही. आणि म्हसोबाला कोंबडं.

इथे गाडी अडली. आठवतंय ना, व्हेगन? शिवाय अडचणीचे दिवस! मैत्रीण म्हणाली, पाळीचं मी मानणार नाही, आणि कोंबडं तर अजिबात नाही. बाकी सगळं करीन.

"देव म्हंजी काय लग्नातली पंगत हाय का," आजी म्हणाली, "हे वाढा, ते नको म्हनायला?"

मला आजीचं पटलं आणि नाहीही पटलं. आजीच्या पद्धतीत जे होतं ते सगळं गोड नव्हतं. या विहिरीवर कुणी यायचं आणि कुणी बांधापलीकडे थांबायचं, हे तिच्या लहानपणी जातीवरून ठरलेलं होतं. तिनंच सांगितलं ते, आवाज जरा खाली आणून. ते सुटलं, चांगलं झालं. मग पाळीचं का सुटू नये? पण मैत्रिणीच्या पद्धतीत दुसरंच काहीतरी नव्हतं. तिथे नको असलेलं काहीच कधी करावं लागत नाही. मेणबत्ती लावायचा कंटाळा आला तर खिडकी रागावत नाही. आजीच्या आसरा रागावतात. पोरं आजारी पडतात, विहीर आटते. आजी साठ-पासष्ट वर्षं या सात दगडांशी जपून वागत आलीय, एखाद्या तापट नणंदेशी वागावं तसं. प्रेमात ते बसतं का, माहीत नाही. नात्यात नक्की बसतं.

शेवटी आजी म्हणाली, आपण कशाला भांडायचं, त्यालाच इचारू. कौल लावायचा. तिनं म्हसोबाच्या दगडावर पाण्यात भिजवून दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर कोंबड्याऐवजी नारळ चालेल. डावी पडली तर नाही. आणि आम्ही बसलो वाट बघत.

वीस मिनिटं. मैत्रिणीचा फोन वाजला, तिनं कापला. अर्धा तास. पाकळ्या जागच्या जागी. तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली आणि जागा घेणारे गृहस्थ आले, चाळिशीचे, नाशिकचे, अतिशय सभ्य. तेही चप्पल काढून आमच्यात बसले. मोबाइल सायलेंटवर टाकला. तेवढ्या वेळात त्या उंबराखाली कोण विकणारं आणि कोण घेणारं हे कळलं नसतं.

चाळीस मिनिटांनी आजी गुडघ्यावर हात टेकून उठली. "आज बोलायचं न्हाय त्याला. पुढच्या खेपेला इचारू. तवर नारळ."

"आणि पाळीचं?"

"त्ये त्या सातीजणी बगतील. त्याबी बायाच हायेत."

मग व्यवहाराचं बोलणं झालं. वडिलांनी सुचवलं की विहीर आणि उंबर तिथेच ठेवायचे आणि रस्त्यापासून विहिरीपर्यंतच्या वाटेचा हक्क खरेदीखतात लिहून घ्यायचा. गृहस्थ तयार होते. त्यांचा एकच प्रश्न होता, आणि तो रास्त होता. "आजींनंतर येणार कोण? मला एक नाव हवं. उद्या पन्नास माणसं आली पूजेला तर मी काय करू?"

वडिलांनी आजीकडे बघितलं. आजीनं नातीकडे. मी माझ्या मैत्रिणीला दहा वर्षं ओळखते. जिमची वार्षिक मेंबरशिप ही घेत नाही, बांधून घेतल्यासारखं वाटतं म्हणून. लग्नाचा विषय काढला तर उठून जाते.

"माझं नाव घाला," ती म्हणाली. "वर्षातून दोनदा. मी एकटी."

गृहस्थांनी डायरीत नाव लिहून घेतलं. आजीनं काहीच न बोलता विहिरीतून कळशी ओढली आणि दगडांवर पाणी घालायला नातीच्या हातात दिली. पाणी गार होतं, तिचे हात लाल झाले.

निघायच्या आधी मी आजीला विचारलं की एकवीस डिसेंबरची सगळ्यात मोठी रात्र तुम्हाला माहीत आहे का, पुण्यात ही ती साजरी करते. आजी म्हणाली, संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो, एवढं ठावं हाय. संक्रांत खरं तर त्याच मोठ्या रात्रीपाशी असायची, पंचांगाच्या गणितामुळे शतकानुशतकं सरकत ती आता चोवीसेक दिवस पुढे आलीय. हे मी आजीला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिनं ऐकून घेतलं आणि आमच्या पिशवीत आणखी एक किलो तांदूळ घातला.

एसटीत बसल्यावर मैत्रिणीनं फोन काढला आणि कॅलेंडरमध्ये रिमाइंडर टाकायला लागली. चैत्री पौर्णिमा, रिपीट, दरवर्षी. मग थांबली. तारीख दरवर्षी बदलते. आषाढाची अमावास्याही. अ‍ॅपमध्ये तिथीनं रिपीट होण्याची सोयच नव्हती. संगमनेरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली तेव्हा ती उतरली आणि स्टॉलवरून नव्या वर्षाचं कालनिर्णय घेऊन आली.

आता ते त्या बंद खिडकीच्या शेजारी लटकतंय. दोन चौकोनांवर लाल पेनानं गोल आहे. मावशींनी त्यालाही हळदकुंकू वाहिलंय.